प्रोफेसरांचा नळ

“थांबा, आधी पाणी,” असं म्हणून प्रोफेसर उठायचे, मोरीतला नळ सोडायचे आणि मगच आपल्या देशाबद्दल बोलायला लागायचे. ही सवय त्यांनी आफ्रिकेतून आणली होती. तिकडे भिंतीपलीकडून कोण ऐकतंय याचा भरवसा नसे. इकडे भिंतीपलीकडे फक्त माझी आई होती.

ते शनिवार पेठेत आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत. तिकडच्या विद्यापीठात इतिहास शिकवायचे, पीएच.डी.साठी पुण्याला आले होते. आमचे मार्गदर्शक एकच, म्हणून खोली मीच मिळवून दिली. मराठी त्यांनी आईकडून उचलली, त्यामुळे ती तिच्याइतकीच तिरकी होती.

“अहो, पाणी वाया जातंय,” आई आतून म्हणायची.

“जाऊ द्या, आई. माणसं वाया जाण्यापेक्षा बरं.”

नळ बंद करायला शेवटी मीच उठायचो.

एकदा म्हणाले, “आमच्याकडे राष्ट्राध्यक्षांच्या जन्माआधीचं काहीही लिहायला मोकळीक आहे. म्हणून तर विभागात सगळे अश्मयुगाचे तज्ज्ञ.” मी हसलो. पुढे एकदा येरवड्याच्या तुरुंगावरून बस जाताना त्यांनी विचारलं, “यात प्राध्यापक कुठल्या बाजूला ठेवतात?” तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

त्यांचा प्रबंध गोऱ्या सरकारविरुद्धच्या रेल्वे कामगारांच्या संपावर होता. सरकारी पुस्तकांत त्या संपाचे पुढारी म्हणजे राष्ट्राध्यक्ष. संपात उतरलेल्या म्हाताऱ्यांनी मात्र प्रोफेसरांना सांगितलं होतं, की हे गृहस्थ तेव्हा परदेशात शिकत होते.

घोडं अडलं ते तळटिपांपाशी. आमचे सर कडक. “सांगणाऱ्याचं नाव-गाव नसेल तर तो पुरावा नव्हे, त्या गप्पा झाल्या,” म्हणून त्यांनी प्रबंध परत केला. त्या दिवशी प्रोफेसरांनी आधी नळ सोडला. मग म्हणाले, “नाव छापलं की पोलीस त्या म्हाताऱ्याच्या दारात. सरांचं चूक नाही हो. पण ते पुण्यात बसून बोलतायत.”

पुढच्या खेपेला प्रत्येक टिपेत नाव होतं. संपातलीच खरी माणसं, पण सगळी केव्हाच वारलेली. जिवंत म्हाताऱ्यांचं बोलणं त्यांनी मेलेल्यांच्या तोंडी घातलं होतं.

सरांनी चष्मा काढला. “यातला एकही साक्षीदार हयात नाही?”

“आमच्याकडे खरं बोलणारे असेच असतात, सर.”

सरांनी चष्मा परत चढवला. मग त्यांनी सही केली. विद्यार्थ्याचा स्वल्पविरामही न सोडणारा तो माणूस मला त्या क्षणी फार मोठा वाटला.

“आणि तुमचं नाव?” घरी आल्यावर मी विचारलं. “ते तर पहिल्याच पानावर आहे.”

“असणारच. नाहीतर पदवी कुणाला देतील?”

इथेच राहा म्हणून मी त्यांच्याशी भांडलो. पण बायको आणि दोन मुली तिकडे होत्या. निघताना ते आईच्या पाया पडले. तिने चिवड्याचा डबा दिला आणि उगाचच मोरी धूत बसली.

काही वर्षांनी, मी विभागात शिकवत असताना, त्यांच्याच विद्यापीठातला एक विद्यार्थी संशोधनाला आला. संपाचाच विषय, प्रोफेसरांनीच सुचवलेला. मी चहा मागवला आणि विचारलं, “कसे आहेत आमचे प्रोफेसर?”

तो उठला. कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ सोडून माझ्याजवळ येऊन बसला.

“माझी बरीचशी माहिती त्यांनीच सांगितलेली आहे, सर,” तो हळू आवाजात म्हणाला. “आता टिपेत त्यांचं नाव घालता येईल.”

पाणी वाहत होतं. नळ बंद करायला मी उठलो नाही.