हलता पाळणा

नोकरीत खून पाहिले, दरोड्यांचे तपास केले, जंगलपट्ट्यात गस्ती घातल्या. पण खरा घाबरलो तो भर दुपारी, एका पाळण्यापाशी.

सडक अर्जुनीच्या बाजूला, महामार्ग सोडून जंगलाकडे वळणाऱ्या रस्त्यावरच्या ठाण्याचा मी तेव्हा ठाणेदार होतो. नावं कोणाचीच लिहीत नाही. हजेरी आटोपली आणि एका टोलीच्या, म्हणजे जंगलातल्या छोट्या वस्तीच्या, पोलीस पाटलाचा फोन आला.

‘साहेब, आमच्या इथली एक बाई बाळंतपणात मेली. नवऱ्यानं दवाखान्यातून जितं लेकरू आणलं, साऱ्यायनं पायलं. आता लेकरू दिसून नाही राहिलं. रडण्याचा आवाज बी नाही. म्हातारी मात्र पाळणा हलवून राहिली.’

‘तुम्ही विचारलंत का?’

‘इचारलं. तोंडावर दार लावलं.’

ठाणे दैनंदिनीत नोंद करून महिला शिपायाला घेतलं आणि निघालो. तान्हं मूल नाहीसं झालं की पोलिसाच्या मनात विकलं किंवा मारलं, एवढंच येतं. शिवाय बाळंतपणात गेलेली बाई लेकरासाठी परत येते, ही भीती खेड्यापाड्यांत अजून आहे. भ्यालेला माणूस काय करून बसेल त्याचा नेम नसतो.

घरात शिरलो तर म्हातारी, म्हणजे मेलेल्या बाईची सासू, पाळण्याची दोरी ओढत होती. पाळण्यात लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. शिपाईबाई वाकली, लुगडं बाजूला केलं आणि एकदम मागे सरकली. आत वरवंटा होता. कपाळाच्या जागी काजळाची तीट लावलेला.

म्हातारीची दोरी थांबली नाही.

नवरा जंगल खात्याच्या कामावर रोजीनं जाणारा, तरणा माणूस. त्याला अंगणात घेतलं. ‘मूल कुठं आहे?’

‘मेलं.’

‘कुठं पुरलं?’

‘मायच्या बाजूले.’ लगेच म्हणाला, ‘नाई, मले मालूम नाई.’

जबाब असा फिरला की पोलीस जोर करतो. मी आवाज चढवला. म्हटलं, तहसीलदारांना बोलावतो, पंचांसमोर जागा उकरतो. तो धाडकन माझ्या पायांवर पडला. ‘तिले उकरू नोका साहेब! लय सोसलं तिनं!’

मी त्याला उठवलं. त्याच्या तोंडात फक्त ‘तिले’ होतं. म्हातारीही रडत होती ती सुनेचं नाव घेऊन, नातवाचं नाही. मेलेल्या लेकरासाठी या घरात अजून कोणी रडलं नव्हतं.

आणि तेवढ्यात वास आला. चुलीवर गाडग्यात सुंठ-गुळाचा काढा उकळत होता. माझ्या मुलीचं बाळंतपण नुकतंच आमच्याकडे झालं होतं, घरभर तोच वास असायचा. पण या घरात बाळंतीण उरली होती कुठं?

मी खाली बसलो, टोपी काढून बाजूला ठेवली. ‘हा काढा कोणासाठी?’

त्याचा बांध फुटला. बायको दवाखान्यात सांगत होती, रक्त थांबत नाही, डोळ्यांपुढं अंधारी येते. ‘थे सांगून सांगून थकली. दवाखान्यातले म्हणत, तुमच्या जंगलातल्या बायायले सवय रायते, नाटकं कायले करतेस? मंग थे बोललीच नाई, साहेब.’ ती गेल्यावर तिथलंच कोणीतरी त्याला म्हणालं, तू काय पोसणार, पोर अनाथांच्या संस्थेत दे. तो लेकरू गमछ्यात बांधून पळाला. आता तेच लोक पोलीस घेऊन आले, असं त्याला वाटलं होतं.

‘आणि वरवंटा?’

‘मायनं ठेवला. थे आली तर पाळणा हलताना दिसन, म्हणे. लेकराच्या मागं जाणार नाई.’

लेकरू पलीकडच्या टोलीत, बायकोच्या बहिणीजवळ होतं. तीही ओली बाळंतीण, दोन्ही पोरांना पाजत होती; काढा तिच्यासाठीच होता. तिथं पोचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. काढा उकळतोय म्हणून लेकरू जिवंतच असेल, याची हमी कोण देणार? आम्हाला पाहताच तिनं पदराखालचं मूल घट्ट धरलं आणि भिंतीला टेकली.

‘मले मारा साहेब, पन याले नेऊ नोका!’

तेवढ्यात पदराखालून ते चिडून रडलं. दूध तुटलं होतं त्याचं. शिपाईबाई मटकन बसली आणि हसता हसता रडू लागली.

मूल तिथंच ठेवलं. बाल कल्याण समितीला तसा अहवाल दिला, आरोग्य खात्याच्या आशा सेविकेला तिथं जात राहायला सांगितलं. शिपाईबाई तर सुटीच्या दिवशीही आपल्या लेकराचे कपडे घेऊन तिकडे जायची. नवऱ्याचा जबाब शब्दाला शब्द लिहून घेतला आणि वर पाठवला. दवाखान्याची चौकशी बसली, रखडली, मी पाठ सोडली नाही. शेवटी एकावर कारवाई झाली. मला ती पुरेशी वाटली नाही, अजूनही वाटत नाही.

या तपासानं मला एक शिकवलं. भ्यालेल्या माणसाला आरोपी धरण्याआधी तो कोणाला भ्याला ते विचारावं. त्या घरानं भुताला फसवायला एक वरवंटा ठेवला. आम्हाला फसवायला मात्र पोटचं लेकरू मेलं म्हणून सांगितलं.

लेकरू घरी आलं तेव्हा मी गेलो होतो. पाळण्यात ते झोपलं होतं, आणि वरवंटा धुऊन पाट्यावर ठेवलेला होता. मी म्हातारीला विचारलं, ‘आता भीती नाही वाटत?’

‘नाई. तिच्या मातीवर जाऊन आली मी,’ ती म्हणाली. ‘सांगतलं तिले, बाई, लेकरू पोटभर पिऊन राहिलं. आता तू नीज. आयकलं असन तिनं. तिचं कोनी नाई आयकलं, पन थे आयकत होती साऱ्याचं.’