जनाचा अर्धा आटा

बाकीच्या मेकॅनिकांनी हात टेकले की गाडी लोधिवलीच्या दशरथकडे यायची. गंजून बसलेला, माथा घासलेला, कशालाच दाद न देणारा बोल्ट तो काढायचा, आणि तोही न मोडता. पण सख्ख्या मेहुण्याचा टेंपो त्याच्याच दारात कधीचा उभा होता, त्याला मात्र तो हात लावत नव्हता.

त्या टेंपोचं इंजिन जनानं, त्याच्या बायकोनं, बांधलं होतं. गेल्या साली दशरथचं मनगट मोडलं, तेव्हा तो स्टुलावर बसून सांगायचा आणि जना पाना चालवायची. कोंडाण्याकडच्या ठाकरवाडीतली पोर, लाकडाच्या मोळ्या वाहून दंड कमावलेले. तो "बस" म्हणाला की ती हमखास अर्धा आटा जास्त फिरवायची. त्यावरून रोज वाजायचं.

"अगं, पुढं उघडायचं कसं?"

"उघडायचं कशाला? नीट बसलंय नं?"

पावसाळ्याच्या तोंडावर काविळीचं निमित्त झालं आणि जना गेली. दशरथ रडला नाही. काळजाचा दगड केलाय, लोक म्हणाले. दगडबिगड काही नाही हो, त्याला काही वाटतच नव्हतं. भाकरी खाल्ली काय नि राहिली काय, सारखंच. हात तेवढे आपले काम करत होते.

शेवटी हिरू, तो मेहुणा, येऊन उभा राहिला. "दाजी, इंजिनाच्या हेडमधून पाणी गळतंय, गाडी चालत नाय. माझं पोट हाय तिच्यावर. तुमाला जमत नसंल तर दुसरीकडं नेतो."

"तिच्या हाताचं हाय. दुसऱ्यानं नाय उघडायचं," दशरथ म्हणाला आणि त्यानं पाना उचलला.

बाकीचे बोल्ट कुरकुरत सुटले. कडेचा एक हटून बसला. पाना निसटला, बोल्टाचे कोपरे गोल झाले. दशरथनं तो गॅसवर तापवला, कडेनं मेणबत्तीचं मेण सोडलं, हलक्या हातानं ठोकत बसला. ढिम्म. मग माथ्यावर नट वेल्ड केला. सोडवायच्या आधी जरासा आवळायचा, ही त्याची रीत. आवळला, मग उलटा फिरवला. कट्ट आवाज झाला आणि बोल्ट सुटला.

जनाच्या हातानं आवळलेलं एवढंच जगात उरलं होतं. आता तरी रडू येईल, असं त्याला वाटलं. आलं नाही.

त्यानं हेडखालचं गळकं गॅस्केट बदललं, नवे बोल्ट बसवले. ठरल्या मापाला वाजणाऱ्या पान्यानं टक् करून बस झाल्याचं सांगितलं. दशरथनं तो बाजूला ठेवला, जनाचा लांब पाना घेतला आणि पहिला बोल्ट आणखी फिरवला.

"दाजी, बस की!" हिरू ओरडला. "पुढं उघडायचं कसं?"

"उघडायचं कशाला?" दशरथ म्हणाला, आणि पुढचा बोल्ट त्याला दिसेनासा झाला.