सव्वीस जानेवारीचा ठराव

बीड जिल्ह्यातल्या नेकनूरच्या पुढं, रस्त्याला लागून असलेल्या एका गावात छबुबाईला कुणी पुढारी म्हणत नाही. पुढारी म्हणजे इस्त्रीचे कपडे, आणि छबुबाई बावीस हंगाम उसाच्या फडात राबलेली बाई. हातावर पाचटाचे चरे, जिभेला लगाम नाही. शाळा चौथीपर्यंत. पण सही ठसठशीत करते, आणि अंगठ्याची शाई पुढं केली की तिचं डोकं फिरतं.

या सहीनंच तिचा घात केला. मातंग वस्तीतली माणसं दसरा झाला की कारखान्यांच्या वाटेला लागतात, ती पाडव्यालाच परततात. जानेवारीची ग्रामसभा त्यांच्या माघारी होते. म्हणून ग्रामपंचायतीचा शिपाई आसाराम दसऱ्याआधीच रजिस्टर बगलेत मारून वस्तीवर यायचा. ''सह्या करून ठिवा. न्हाईतर घरकुलाच्या यादीतून नाव जातंय.'' पान कोरं असायचं. वर्षानुवर्षं सगळे सह्या करत आले. आसाराम तसा वाईट माणूस नव्हता, चहा पिऊन जायचा. त्या वर्षीही छबुबाईनं सही केली, तिचा नवरा सिदू यानंही केली.

डिसेंबरात मोळी ट्रकवर चढवताना सिदूचा पाय फळीवरून सटकला आणि तो जागच्या जागी गेला. पिकअपमधून त्याला गावी आणून वस्तीच्या मसणवट्यात अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी राख सावडून छबुबाई परत फडावर गेली, कारण आता सिदूच्या वाटणीचा ऊसही तिलाच तोडायचा होता. हे सांगतानाही संताप येतो.

पाडव्याला परतली तर मसणवट्याला तारेचं कुंपण. आत पाया खणलेला. जिथं सिदू जळला तिथं वाळूचा ढीग.

सरपंच पंडितराव म्हणाले, ''व्यापारी गाळे होणार हायत, छबुबाई. सव्वीस जानेवारीला ठराव झालाय. तुमच्या वस्तीच्याच सह्या हायत.''

''आन आमी मेल्यावर कुठं जायचं?''

''बघू की. नदीकडं.''

नदी चार किलोमीटर लांब, आणि वाटेतले शेतकरी वस्तीचं प्रेत बांधावरून नेऊ देत नाहीत, हे पंडितरावांना चांगलं ठाऊक होतं. त्यातली दोन शेतं त्यांचीच.

वस्ती मान खाली घालून बसली. सह्या खऱ्या होत्या, बोलायचं काय? छबुबाईही महिनाभर गप्प राहिली. ती गप्प आहे म्हणजे काहीतरी शिजतंय, हे सिदू असता तर त्यानं सांगितलं असतं.

एक मेच्या ग्रामसभेला ती पहिल्या रांगेत, पुरुषांच्यात जाऊन बसली. तिचं तोंड बघून कुणी सरकायला सांगितलं नाही. कामकाज सुरू झालं तशी ती उठली. ''जानेवारीचं रजिस्टर काढा. गाळ्यांच्या ठरावाखालची नावं वाचा. मोठ्यानं.''

ग्रामसेवक वाचू लागले. छबुबाईचं नाव आलं.

''सही माजीच हाय,'' ती म्हणाली. ''दसऱ्याच्या आदी कोऱ्या पानावर केली. चूक केली, सगळ्यांसमोर सांगते.''

पंडितराव हसले. ''कोऱ्या पानावर सही करणं गुन्हा हाय, बाई. आत जाशील.''

''जाते की. माज्या शेजारी कोण बसंल तेवढं आदी सांगा.''

मागं हशा पिकला. आसाराम दाराकडं सरकला. ''वाचा पुढं,'' छबुबाई म्हणाली.

पुढचं नाव सिदूचं होतं. ग्रामसेवकांनी ते सरळ वाचून टाकलं. ते नवीन होते, आणि सिदूच्या मरणाची नोंद झाली होती तिकडं, कारखान्याच्या मुलखात.

छबुबाईनं पदराआडून सिदूच्या मरणाचा दाखला काढला. ''थांबा. ह्यो माणूस अकरा डिसेंबरला मेला. बारा तारखेला त्याच मसणवट्यात जाळला. सरपंच, तुमीबी रस्त्यावर उभं व्हता. मंग सव्वीस जानेवारीला ह्यो सभेला कसा आला? आन सोताच्या राखंची जागा गाळ्यांला कशापायी देऊन गेला?''

पंडितराव चाचरले. ''एका नावाची चूक झाली असंल. खोडून टाकू.''

''नाव न्हाई, ठराव खोडा. न्हाईतर ह्यो दाखला आन त्या पानाची नक्कल घिऊन मी उद्या बीडला कलेक्टर कचेरीसमोर बसते. सगळी वस्ती बसंल. आमाला उन्हाची सवय हाय. तुमाला न्हाई.''

मागं वस्तीतली केशरबाई उठली. तिच्यामागं साऱ्या बाया उठल्या, मग पुरुषही उठले, आणि गावातली जी माणसं आजवर मिशीत हसत होती त्यांनीही हात वर केले. गाळ्यांचा ठराव रद्द झाला. जागा मसणवटा म्हणून कागदावर चढवायची, असंही लिहून घेतलं.

हे लिहून झाल्यावर ग्रामसेवकांनी जुनं पान उघडलं आणि सिदूच्या सहीवर रेघ मारायला लाल पेन उचललं. छबुबाईनं त्यांचं मनगट धरलं.

''ती ऱ्हाऊ द्या सायेब. आमची जागा त्येनंच सोडवलीय.''

आणि सभा संपायची वाट न बघता ती कुंपणाच्या तारा तोडायला निघाली.