नांदीला बाळ हललं नाही

सातवा महिना सरत आला होता. रविवारी दुपारी मामाजी, मामीजी आणि मी गोंदियाकडच्या गोरेगावजवळच्या आमच्या घरात टीव्हीसमोर बसलो होतो. मामाजी म्हणजे माझे सासरे, मामीजी सासूबाई. तरुणपणी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत मामाजींनी पेटी वाजवली होती. त्यातल्याच एका ऐतिहासिक संगीत नाटकावर सिनेमा निघाला होता, आणि तो मोबाईलवरून टीव्हीवर लावून द्यायचं काम माझं. नवरा नोकरीपायी नागपूरला असायचा.

मामाजी रोज संध्याकाळी पेटी काढून त्याच नाटकातली पदं म्हणत. त्यांनी नांदी धरली की बाळ पोटात ढुशी द्यायचं. हे त्यांना कळल्यापासून त्यांचा आवाज जरा जास्तच चढायचा.

सिनेमातली नांदी मोठ्या थाटाची होती. यात पेटी कुठं ऐकूच येत नाही, असं मामाजी कुरकुरले. मी हसले आणि सवयीनं पोटावर हात ठेवला. बाळ हललं नाही.

झोपलं असेल म्हणून मी पाहत राहिले. दरबार झाला, दोन पदं झाली. मग मी आठवू लागले, आज ते हललं कधी? आंघोळ करताना? जेवताना? काहीच आठवेना. पडद्यावर किल्ल्याला वेढा पडला होता. मी कूस बदलली, पोट हलकेच दाबून पाहिलं. बोलले तर ते खरंच होईल, अशी भीती बसली होती. राणी गात होती. तिचे ओठ दिसत होते, पण गाणं माझ्यापर्यंत पोचत नव्हतं.

मामीजींचं लक्ष गेलं. "पोट काऊन दाबून राहिली वं?"

"बाळ हालून नाही राहिलं."

"कवापासून?"

"आठवत नाही."

त्या लगेच उठल्या. गुळाचं पाणी करून आणलं, मला डाव्या कुशीवर निजवलं आणि पोटावर हात ठेवून बसल्या. मामाजींनी टीव्ही बंद केला. थोड्या वेळानं मामीजींनी हात काढला आणि गाडी बघा म्हणाल्या. मामाजी चप्पल न घालताच शेजाऱ्याकडं गेले.

गोंदियाच्या रस्त्यावर धानाचे ट्रॅक्टर आडवे येत होते. नवऱ्याला फोन करू का, असं मामाजींनी विचारलं. मी नको म्हणाले. काय सांगणार होते?

दवाखान्यात नर्सनं पोटावर यंत्र ठेवलं. नुसती खरखर. तिनं जागा बदलली, पुन्हा खरखर. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होते आणि ती माझ्याकडं बघत नव्हती. मग बरंच खाली, एका बाजूला, धावत्या पावलांसारखे ठोके ऐकू आले.

"ये रहा," ती म्हणाली. "कोपऱ्यात जाऊन बसलंय."

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, सगळं ठीक असल्याचं सांगितलं. पुन्हा असं काही वाटलं तर वाट पाहायची नाही, लगेच यायचं, हेही बजावलं.

बाहेर आले तर मामीजी व्हरांड्यात फरशीवर बसलेल्या. ठीक आहे म्हटलं, तरी त्या उठेनात. "पायच नाही उचलून राहिले," त्या म्हणाल्या आणि माझ्यापुढं हात केला. मामाजींनी एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. मामीजींचा हात गार पडला होता.

मुलगी सुखरूप झाली. पण त्या दिवसापासून बाळंत होईपर्यंत माझा हात पोटावरून निघाला नाही.