गल्लीतलं पहिल्या नंबरचं हृदय

छातीला कान न लावता माणसाचं हृदय सांगणारा माणूस उदगिरात एकच झाला, आणि ते माझे साडू. धंदा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करण्याचा. स्वतःच्या तपासणीसाठी लातूरला गेले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना दाखवलं की अनेक रोग्यांच्या नोंदींवरून कम्प्युटर हृदयाचा नमुना मांडतो आणि दर ठोक्याला ते किती रक्त ढकलतं ते सांगतो. साडू परतले ते बंद पडलेल्या नेट कॅफेतला कम्प्युटर घेऊनच. "पाहुणे, मोटार उघडायची गरज नसती. ताण किती घेती अन् पाणी किती फेकती, एवढं बघायचं."

ते दुष्काळाचं वर्ष. टँकर आला की साडू घड्याळ घेऊन हजर. घागर उचलण्याआधी नाडी, घरी पोचल्यावर नाडी, मग ती खाली यायला लागलेली मिनिटं. बायका म्हणायच्या, "मामा, आधी घागर धरा, मग हात!" ते घागर धरायचे आणि ओझं कमी झालं म्हणून ती नोंद बाद करायचे. कुणी लातूरच्या मशीनचं नाव काढलं की म्हणत, "आपला उदगीर जिल्हा होणार हाय. झाला की मशीन इथंच येईल. तवर माझं चालू द्या." रात्री ते आकडे कम्प्युटरात भरून हृदयांचे नंबर लावायचे. सदतीस माणसं नोंदवली होती, मी स्वतः मोजली.

त्यांची बायको, म्हणजे माझ्या पत्नीची थोरली बहीण अक्का, मात्र रांगेत हात देईना. "चारचौघांत नवऱ्यानं हात धरायचा व्हय? घरी बघा, पूजा झाल्यावर." पाणी भरून, आंघोळ आणि लिंगपूजा उरकून ती शांत बसली की मग हात पुढे करी. कम्प्युटरनं तिचं हृदय गल्लीत पहिलं काढलं. साडूंनी पेढे वाटले. पुढे जिना चढताना तिला दम लागू लागला, तर म्हणायचे, "आकडे बघ की!" आकडे मीही तपासले होते. बेरजा बरोबर होत्या. नाडी कधी घेतली, हे मीही विचारलं नाही.

पाय सुजले तेव्हा तिला लातूरला नेलं. हृदय निम्म्याहून कमी काम करतंय, फार उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. अक्का खाटेवरून साडूंनाच समजावत होती, "मशीनचं चुकलं असंल. तुमचं बरोबर हाय." अठराव्या दिवशी ती गेली.

साडूंनी कम्प्युटर फोडला नाही. तिच्या नावापुढे फक्त लिहिलं, 'सर्व नोंदी विश्रांतीनंतरच्या. धरू नयेत.' जिल्हा अजून झालेला नाही. मी गेलो की ते माझी नाडी बघतात. आधी विचारतात, "आत्ता काय करून आलात?" मग मिनिटभर मोजतात. मिनिट संपतं, तरी हात सोडत नाहीत. मीही सोडवून घेत नाही.