गुडघ्यांची परीक्षा

आमचे हे फरशीवाले. तीस वर्षं लोकांच्या घरात गुडघे टेकून फरश्या बसवल्या, आणि आमच्या स्वयंपाकघरात? ओट्यापुढच्या चार फरश्या डुगडुगतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

गेल्या वर्षी दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारला. झीज झालीय म्हणे. गोळ्या झाल्या, पट्टे झाले, तेल चोळून चोळून माझे हात दुखायला लागले. हत्यारं भाच्याला देऊन टाकतो, असं हे म्हणायला लागले. काम सुटलं तर हा माणूस घरात बसून खंगेल, हे मला पक्कं ठाऊक.

मग डॉक्टरीणबाईंनी एक इंजेक्शन सुचवलं. गुडघ्याचं दुखणं मेंदूला कळवणाऱ्या नसा त्याने काही तास बधिर होतात. "ही नुसती चाचणी, काका," त्या म्हणाल्या. "घरी जाऊन जे केल्यावर दुखतं तेच करा, आणि दर तासाला दहापैकी किती दुखतं ते लिहा. फरक पडला, तर पुढे महिनोन्‌महिने टिकणारा उपचार करू."

इंजेक्शन घेऊन घरी आले आणि उशीवर पाय टाकून आडवे! कागदावर लिहिलं, शून्य. तासाने परत शून्य.

"अहो, लोळत पडल्यावर शून्यच येणार!" मी खेकसले. "उठा आधी!"

हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आणि गुडघे टेकल्यावर दुखलं तर? मग संपलंच ना सगळं."

अस्सं होय! माझा राग कुठल्या कुठे पळाला. म्हटलं, "संपलं तर संपलं, मी आहे ना. पण आधी माझ्या फरश्या बसवा, मग खुशाल घाबरा."

उठले. थापी घेतली. एक गुडघा टेकला, मग दुसरा. मी कागद घेऊन उभी.

"कुणा गाढवाने बसवल्यात या?" हे ओरडले.

"तुम्हीच!"

चारही फरश्या बसल्या. कागदावर एक, एक, दोन. संध्याकाळी उठायला गेले आणि "आई गं!" करत परत खाली टेकले. आठ!

माझं धाबं दणाणलं, आणि हे हसत सुटले. "अगं, दुखणं परत आलं! म्हणजे मघाशी ते खरंच गेलं होतं!"

मीही ह्यांच्या शेजारी जमिनीवर बसले, आणि त्या आठच्या आकड्याकडे बघत आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.