भिवटोल्याच्या बुरुजातली काठी

आईनं स्वतःसाठी कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणून त्या डिसेंबरात चहा गाळता गाळता ती म्हणाली, "मले भिवटोल्याचा बुरूज आतून पाहाचा हाय," तेव्हा मी शिकवत होते त्या शाळेत दुसऱ्याच दिवशी रजा टाकली.

ही सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. भिवटोला म्हणजे आईचं माहेर. उमरेडच्या पुढचं, गोंड राजांच्या काळातल्या दगडी बुरुजाला बिलगून असलेलं लहानसं गाव. तिच्या लहानपणी बुरुजात पाटलांचं धान्य असे आणि आमच्या वस्तीतल्या कुणाला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. आता तिथं गावानं छोटं संग्रहालय थाटलंय, ही खबर तिला कुठल्याशा लग्नात लागली होती.

सकाळच्या एसटीनं नागपूर सोडलं. उमरेडला स्टँडबाहेर तर्री-पोहे खाल्ले. तर्री इतकी जहाल, की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि आई खुदकन हसली. तिथून दुसरी गाडी, आणि फाट्यावर उतरल्यावर धानाच्या बांधांमधून पायवाट. कुणाला जायचं असेल तर थंडीतच जा आणि पाणी सोबत ठेवा. तेव्हा तरी वाटेत चहाची टपरीसुद्धा नव्हती. आईनं निळ्या काठाचं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. गाव जवळ येऊ लागलं तशी तिची चाल मंदावली.

"काय झालं वं आई?"

"काई नाई. पाय अडून राहिले."

बुरूज लांबून वाटतो त्यापेक्षा ठेंगणा आहे. काळा दगड, फटींतून उगवलेला पिंपळ आणि दार इतकं बुटकं, की आत जाताना मान लववावीच लागते. आईनं पदर सावरला, वाकली आणि आत गेली. मग मागं वळून मला म्हणाली, "पाह्य, पाटलालेबी इथं वाकाच लागत असन."

आत गारवा होता. हे संग्रहालय सांभाळणारे एक गुरुजी होते, पाटलांच्याच घरातले, पन्नाशीचे. नांगरताना सापडलेली नाणी, तोफेचे गोळे, झिजलेला वीरगळ, पितळी मापं, सगळं त्यांनी घरोघर फिरून गोळा केलेलं. ते हौसेनं दाखवत होते. आई मात्र कोपऱ्यातल्या एका काठीपाशी थांबली. उंच काठी, टोकाला घुंगरं. खाली पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: 'गावच्या पहारेकऱ्याची काठी.'

मी तिला ते वाचून दाखवलं.

"त्याले नाव नोहोतं का जी?" आईनं विचारलं.

गुरुजी गोंधळले. "तुम्ही कोण, बाई?"

"सदाशिवची पोरगी."

त्यांनी काठीकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते रागावतील. आईनं माझा हात घट्ट धरला. माझ्या आजोबांनी छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेनंतर गावाचा पहारा सोडला, एवढंच आम्हाला माहीत होतं. आई तेव्हा नागपुरात सासरी होती; आजोबा त्यावर कधी बोलले नाहीत आणि लवकरच गेले.

"त्या दिवशी मी आमच्या ओसरीवरच होतो," गुरुजी हळूच म्हणाले. "तुमच्या वडिलांनी काठी आणून भिंतीला टेकवली. फेकली नाही हो, टेकवली. पाटील असलेल्या माझ्या काकांना म्हणाले, 'आजपासून गाव साऱ्याईचं हाय, पहाराबी साऱ्याईनं करावा.'"

आईनं विचारलं, "जाताना वाकला का त्यो? जोहार घातला का?"

"नाही, ताई. ताठ उभं राहून हात जोडले. काका खवळले होते. पण तुमचे वडील वळले आणि सावकाश चालत गेले. ते दिसेनासे होईपर्यंत मी बघत राहिलो."

आई तिथंच दगडावर बसली आणि रडली. गुरुजींनी माठातलं पाणी आणून दिलं. मग एक कोरा पुठ्ठा घेतला, दौत उघडली आणि विचारलं, "पूर्ण नाव सांगा."

"सदाशिव गोमाजी."

त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: 'सदाशिवजी गोमाजी यांची काठी. पहारा सोडताना त्यांनी ती परत केली.' 'जी' आईनं सांगितला नव्हता. तो गुरुजींनी आपण होऊन लावला.

नंतर आम्ही वर गच्चीवर गेलो. पिवळं धान, तलावाची कड, पलीकडे आमची वस्ती. आई बोटानं घरं दाखवत राहिली. भूक लागली तेव्हा सोबतची संत्री सोलून तिघांनी तिथंच खाल्ली.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "काठी मागितली काहून नाही? दिली असती त्यांनी."

"घरी आणून दाराआड ठेवू का? राहू दे तिथं. येनारा-जानारा त्याचं नाव वाचन."

नंतर मी मोठमोठी संग्रहालयं पाहिली, संगमरवरी जिन्यांची, तिकिटासाठी रांगा लागणारी. कशातलंच फारसं आठवत नाही. भिवटोल्याला काय ठेवलंय, असं कुणी विचारलं की मी अजूनही अडखळते. आईचं तसं नव्हतं. आम्ही परतल्यावर शेजारच्या काकूंनी कुंपणापलीकडून विचारलं, "काय काय पायलं वं बुरुजात?"

आई वाळवणावरून हात फिरवत म्हणाली, "तोफेचे गोळे हायेत, जुने नाणे हायेत. अन् माहा बा हाय."